वेल्समधील कॉटेज : सुट्टी की पदरमोड करून केलेले घरकाम?

बर्मिंगहॅमकर
गेल्या आठवड्यात येथील एका सदस्याने लिहिले की, वेल्समध्ये कॉटेज घेऊन राहणे म्हणजे स्वतःच्या पैशाने दुसऱ्याच्या घरात धुणीभांडी करणे होय. त्यापेक्षा समुद्रकिनारी हॉटेलात उतरावे आणि आतली जुनी गावे एका दुपारी उरकावीत. हे वाचून राहवले नाही. डोल्गेल्लाय हे एका दुपारी उरकण्याचे गाव नव्हे. लोकरीच्या धंद्यावर भरभराटलेल्या या बाजारगावात काळसर दगडाच्या, वारसा-यादीत नोंदलेल्या दोनशेहून अधिक वास्तू वाकड्यातिकड्या गल्ल्यांत दाटीने उभ्या आहेत, आणि दिवसाच्या सहलीला आलेल्या गाड्या परतल्यावरच त्या नीट पाहता येतात. सकाळी 893 मीटर उंचीच्या कादेर इद्रिस डोंगरावर ढग उतरलेले दिसले, तर बेत बदलून मौधाख नदीच्या खाडीकाठाने, जुन्या रेल्वेमार्गाच्या सपाट वाटेने, सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या बारमथपर्यंत सायकलने जाता येते. न्याहारीच्या वेळेला बांधलेल्या पाहुण्याला हे सुख नाही.

ठाण्याची_सून
आपले सुख वाचून आनंद झाला; त्या सुखाचा स्वयंपाक कोणी केला, तेवढे लिहायचे राहिले. आमच्या वेळी सासूबाईंना गुडघेदुखी, शयनगृह वरच्या मजल्यावर, आणि जिना इतका अरुंद व उभा की त्या रात्री सोफ्यावरच झोपल्या. रेल्वे 1965 मध्येच बंद झाली असल्याने गाडी नसलेल्यांनी कुकर आणि पिठाचे डबे घेऊन बस बदलत जायचे. शिवाय ओट्यावर हळदीचा डाग पडला म्हणून मालकाने अनामत रकमेतून पैसे कापले. डाग दोन बोटांएवढाही नव्हता.

बर्मिंगहॅमकर
जिना अरुंद होता हा त्या गावाचा दोष नाही. जाहिरातीतला आराखडा पाहून घर निवडावे. आमच्याकडे स्वयंपाक मीच करतो.

कार्डिफवासी
हळद आणि जिना यांपलीकडे कोणी पाहणार आहे का? ज्या घरात आपण मुक्काम करता, तेथे पूर्वी कोणीतरी बारमाही राहत होते. डोल्गेल्लाय ज्या परगण्यात आहे, त्या ग्विनेदमध्ये 2021 च्या जनगणनेनुसार सुमारे 64 टक्के लोक वेल्श बोलतात, आणि अशा गावांतली तरुण मंडळी घर परवडत नाही म्हणून बाहेर पडली की ती भाषाही त्यांच्याबरोबर जाते. म्हणूनच तेथील परिषदेने 2023 पासून मालकाचे राहते घर नसलेल्या ‘दुसऱ्या घरां’च्या घरपट्टीवर 150 टक्के अधिभार लावला, म्हणजे एकूण घरपट्टी मूळच्या अडीचपट झाली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये राहते घर सुट्टीचे घर करण्यासाठी परवानगी सक्तीची केली होती.

बर्मिंगहॅमकर
आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवत आहात. वर्षातून दोनदा उघडणारे लंडनकराचे कुलूपबंद घर वेगळे आणि पाहुण्यांनी भरलेले, स्थानिक सफाई कामगाराला, सुताराला, खाटकाला काम देणारे कॉटेज वेगळे. 2023 पर्यंत घर वर्षात 70 दिवस भाड्याने गेले तरी ते व्यवसाय मानले जाई; आता 182 दिवस जावे लागते, नाहीतर अधिभारासह घरपट्टी भरावी लागते. एरिरीतल्या, म्हणजे स्नोडोनियाच्या डोंगराळ भागातल्या, जानेवारीच्या पावसात पाहुणे आणायचे कोठून? ही अट धनाढ्यांना नव्हे, एकच कॉटेज चालवणाऱ्या स्थानिक शेतकरी कुटुंबाला भोवते.

गुहागरकर
आमच्या वाडीत मुंबईकरांचे बंगले अकरा महिने बंद असतात आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मात्र त्यांच्या बागांना लागते. तेथे असा अधिभार लावणारा कोणी भेटल्यास त्याचा मी जाहीर सत्कार करीन. पर्यटनाने गावाला पैसा मिळतो, हे पर्यटकच सांगतात.

बर्मिंगहॅमकर
आपण कधी वेल्सला गेला आहात का? न जाता निवाडा देण्याची ही सवय वाईट आहे.

गुहागरकर
गावातले घर बंद राहिल्याने काय होते, हे कळण्यासाठी व्हिसा लागत नाही.

ठाण्याची_सून
भांडण कोकणात पोहोचले, आता ते परत आणावे. मला एवढेच विचारायचे आहे की, भर ऑगस्टमध्ये शुक्रवार ते शुक्रवार असा सबंध आठवडा घेण्याची सक्ती करणारे मालक 182 दिवस भरत नाहीत म्हणून रडतात तेव्हा त्यांची कीव कोणी करावी? तीन रात्रींसाठी घर दिले असते, तर आम्ही मार्चमध्येही गेलो असतो.

कार्डिफवासी
हा मुद्दा मान्य, आणि नाइलाजाने बर्मिंगहॅमकरांचाही अर्धा: स्थानिक कुटुंबाचे एकच कॉटेज आणि गुंतवणूकदाराची डझनभर घरे यांना एकाच तराजूत तोलणारा नियम आंधळा आहे. उरलेला अर्धा त्यांनी गाडीभर किराणा बर्मिंगहॅमहून न नेता गावातल्या दुकानांतून घेतला, तर तोही मान्य करीन.

बर्मिंगहॅमकर
तांदूळ आणि डाळ नेतो, बाकी सर्व तेथेच घेतो. पर्यटक-कर आला तर तोही देईन. आणखी काय हवे?

कार्डिफवासी
आपले औदार्य थोर आहे. 2025 च्या कायद्यानुसार परिषदेने ठरवल्यास लवकरात लवकर 2027 पासून तो कर कॉटेजमध्ये माणशी एका रात्रीला 1.30 पौंड पडेल. त्यातून रस्ते आणि स्वच्छतागृहे सुधारतील. डोल्गेल्लायमध्ये भाड्याचे घर शोधणाऱ्या शिक्षिकेला मात्र ते मिळणार नाही.