मदत हवी आहे: सुट्टीत बोलती झालेली लेक शाळा सुरू झाल्यावर पुन्हा मिटू नये म्हणून काय करावं?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. मुलगी १४ वर्षांची, आता दहावीत जाईल. लहानपणापासून अबोल. पाहुणे आले की आतल्या खोलीत. दुकानात साधी वही मागायची तरी माझी ओढणी ओढून "तूच सांग ना". उत्तर येत असूनही हात वर करत नाही, असं तिच्या बाई दरवर्षी सांगतात.

यंदा मे महिन्यात सांगलीहून माझी आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं पंधरा दिवस आली होती. एका सकाळी ऊन चढायच्या आत पांडवलेणीला गेलो. दोनेकशे पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती खालीच सावलीत बसली. आम्ही उतरल्यावर तिने नातीला जवळ ओढलं. "मला काही वर यायला जमलं नाही बाई. काय काय आहे ते तू सांग."

आणि पोरगी बोलायला लागली! एकूण २४ लेणी, पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, बौद्ध भिक्खू पावसाळ्यात राहायचे... तिसऱ्या लेण्याचं तर हातवारे करून सांगत होती. "आजी, ते लेणं एका आजीनेच दिलंय. गौतमी बलश्री. तेव्हा तिचा नातू पुळुमावी राजा होता. आणि तिथल्या लेखात तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केवढं कौतुक कोरलंय!" तिला इतकं ठाऊक आहे हे मला, तिच्या आईला, माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी विचारलं, "पाणी कुठून आणायचे गं ते?" माझ्या पोटात गोळा आला, आता ही गप्प होणार. पण ती म्हणाली, "खडकातच टाकी कोरली आहेत. वर गेलात की दिसतील."

पुढे त्र्यंबक रोडला करवंदं विकणाऱ्या मावशींशी तिनेच बोलून दोन वाटे घेतले. काळाराम मंदिरात मामाला १९३० च्या सत्याग्रहाचं सांगितलं.

मग आमचंच चुकलं. एका संध्याकाळी शेजारी आले होते. वहिनी म्हणाली, "ते लेण्यांचं सांग गं सगळ्यांना," आणि मी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. लेक लालबुंद होऊन आत गेली. दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. आई रात्री तिच्याजवळ झोपायची, तेवढंच.

निघायच्या दिवशी मात्र एसटीच्या चौकशीच्या खिडकीशी तीच गेली. आवाज बारीक, पलीकडे ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मला ते पुन्हा विचारणं सगळ्यात मोठं वाटतं.

आता हिचे बाबा म्हणतात वक्तृत्वाच्या क्लासला घालू. मला भीती वाटते. सोडून दिलं तर पुन्हा मिटेल, रेटलं तर त्या संध्याकाळसारखं होईल. कुणाच्या मुलांचा असा अनुभव आहे का?

प्रतिसाद १
ताई, मी माध्यमिक शाळेत शिकवते. क्लास आत्ता नको. आजीला लेण्यांचं ऐकायचं होतं. शेजाऱ्यांपुढे सगळ्यांना तीच बघायची होती. लाजऱ्या मुलांना हा फरक लगेच कळतो. वर्गशिक्षिकांना तिच्या अपरोक्ष भेटू नका, आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तर बाईंना सांगा की इतिहासाचा एखादा मुद्दा आदल्या दिवशी देऊन दुसऱ्या दिवशी तिला चार-पाच मुलींच्या गटात समजावायला लावा. सगळ्या वर्गासमोर नंतर बघू. आणि लाजणं वेगळं, पण शाळेच्या नावाने पोट दुखणं, झोप उडणं असं काही असेल तर समुपदेशकांकडे जायला उशीर करू नका.

प्रतिसाद २
मी तिच्यासारखाच होतो. घरी कुणी "बघा, आता कसा बोलतो" म्हटलं की बोलणं तिथेच थांबायचं. कृपा करून नातेवाइकांना एवढं एक वाक्य टाळायला सांगा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल व्हिडिओबद्दल तिची माफी मागितली आणि तिच्यासमोरच तो पुसला. क्लासचं विचारलं, तर नको म्हणाली. बाबांनीही ऐकलं. बाईंशी बोलायला मात्र हो म्हणाली, पण "मी पण येणार" ही अट घालून. शिवाय सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ आधी स्वतः बघून यायचंय, कारण तिथे फार चढायला नाही, पुढच्या वेळी आजीला नेता येईल. रविवारी जातोय. आल्यावर आजीला फोन तीच लावणार आहे.