घरचं टीव्ही रेकॉर्डिंग ऑफिसच्या लॅपटॉपवर बघितलं तर चुकलं काय?

पाटीलवाडा (धागाकर्ता)

सांगलीला आमच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, तिला दुहेरी एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, दोन वायरींचा) लावून एक वायर टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला आणि दुसरी माझ्या जुन्या डेस्कटॉपमधल्या डीव्हीबी-एस२ कार्डाला (छत्रीचा सिग्नल घेणाऱ्या) दिलीय. मशीनवर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालतं. सह्याद्रीवरच्या बातम्या, कीर्तन, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, शिवाय डीडी स्पोर्ट्सवर भारताची मॅच असेल तर ती, हे सगळं आपोआप रेकॉर्ड होतं. मी गेले चार महिने प्रोजेक्टसाठी हैदराबादला कंपनीच्या गेस्ट हाउसवर राहतोय आणि सोबत फक्त कंपनीचा लॅपटॉप. त्याला ॲडमिन राइट्स नाहीत, यूएसबी बंद, व्हीएलसी प्लेअरसुद्धा टाकता येत नाही, म्हणजे हातात काय तर एक ब्राउझर.

मग घरच्या मशीनवर जेलीफिन टाकलं, म्हणजे आपले व्हिडिओ ब्राउझरमधे दाखवणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर काहीच इन्स्टॉल करायचं नाही, पत्ता टाकायचा, लॉगिन करायचं आणि बघायचं. हे जमायला तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडत बसलो, काही केल्या बाहेरून घर दिसेना, शेवटी राउटरच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, एकाच पब्लिक पत्त्यामागे अख्खी गल्ली, मग पोर्ट उघडून उपयोग काय. त्यावर टेलस्केल (आपली मशीनं आपसात खाजगीत जोडणारं सॉफ्टवेअर) मधलं फनेल वापरलं, ते घरचं मशीन इंटरनेटवर उघडं करतं, फक्त घरच्या मशीनवर लागतं आणि ४४३ पोर्टवर साधा एचटीटीपीएस पत्ता देतं. दुसरी अडचण अशी की चॅनेल एमपीईजी-२ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड होतं आणि ते ब्राउझरला कळत नाही. म्हणून मशीन ते चालता चालता एच.२६४ मध्ये बदलून पाठवतं. रेकॉर्डिंग तासाला पावणेदोन जीबी होतं, मी १ एमबीपीएसवर बघतो म्हणजे तासाला साडेचारशे एमबी. चित्र स्वच्छ दिसतं.

परवा टीममधल्या एकाने स्क्रीन बघितली आणि म्हणाला हे पॉलिसीच्या विरुद्ध आहे, नोकरीवर येईल. मला हे पटत नाही. रात्री साडेनऊनंतरचा वेळ माझा, रेकॉर्डिंग माझं, मशीन माझं, आणि कुठलंही लॉक मी तोडलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

सिस्टीमवाली

अकरा वर्षं कंपनीच्या सिस्टीम सांभाळायचंच काम करतेय म्हणून स्पष्ट लिहिते. दादा, रेकॉर्डिंग तुमचं, वेळ तुमचा, पण लॅपटॉप तुमचा नाही. गेस्ट हाउसच्या वायफायवर असलात तरी लॅपटॉपवरचा एजंट (कंपनीने टाकलेला प्रोग्राम) तुमचं ट्रॅफिक कंपनीच्या प्रॉक्सीतूनच, म्हणजे मधल्या सर्व्हरमधूनच, नेत असेल, बऱ्याच कंपन्यांत असंच असतं. आता एक करा, तुमच्या जेलीफिनच्या पानावर पत्त्याशेजारच्या कुलपावर क्लिक करून सर्टिफिकेट (त्या पत्त्याचं ओळखपत्र) कोणी दिलंय ते बघा. टेलस्केलवर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं नाव दिसायला हवं. तिथे कंपनीचं नाव दिसलं तर समजा की ते पान मधे उघडलं जाऊन परत बंद होतंय आणि तुमच्या घरच्या मशीनचा पासवर्ड रोज रात्री तिथून उघडा जातोय. कोणी मुद्दाम वाचत बसत नाही, पण लॉगमधे काय साठतं ते तुमच्या हातात नाही.

आणि 'लॉक तोडलं नाही' यावर मी समाधान मानणार नाही. आम्ही यूएसबी बंद करतो ती माणसांवर संशय म्हणून नाही, एका पेनड्राइव्हने अख्खा मजला दोन दिवस बंद पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

घरचा_सर्व्हर

ताईंशी अजिबात सहमत नाही. पेनड्राइव्हमधून फाइल आत येते आणि चालते. इथे ब्राउझरमधे व्हिडिओ दिसतो, बस. न्यूज साइटवरचा व्हिडिओ बघितला तर चालतो आणि माणसाने स्वतःच्या घरचा बघितला तर गुन्हा, असं कसं? चार चार महिने माणसाला घरापासून लांब ठेवायचं, कॅम्पसमधे स्वतःचं मशीन नेऊ द्यायचं नाही, फोन लॉकरमधे ठेवायला लावायचा आणि वर रात्री त्याने काय बघावं तेही कंपनीने ठरवायचं, हे मला मान्य नाही.

धागाकर्त्याने केलंय ते मला फार आवडलंय कारण त्यात तिसऱ्या कोणाची मर्जी नाही. स्लिंगबॉक्स आठवतोय का, २००५ साली आला होता, घरचा टीव्ही जगात कुठेही बघा म्हणून. ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या घरातले चालू डबे एका दिवसात निकामी झाले. रेकॉर्डिंग आपल्या डिस्कवर आणि सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर असलं की निदान हे तरी होत नाही.

न्यूजर्सीकर

इकडे माझ्याकडे अँटेना आणि एचडीहोमरन आहे, म्हणजे ट्यूनर थेट घरच्या नेटवर्कवर. ऑफिसच्या टूरवर मी पण कंपनीच्या लॅपटॉपवर बघायचो, हल्ली बंद केलंय. कायद्याची भीती नव्हती, इथे १९८४ साली सोनीच्या बेटामॅक्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलंय की नंतर बघायला म्हणून घरी कार्यक्रम रेकॉर्ड करणं ही चोरी नाही. मी बंद केलं ते सिस्टीमवालींनी सांगितलेल्या कारणासाठीच. नोकरीचं मशीन आणि घरचं मशीन यांची ओळखच होऊ देऊ नये असं माझं ठाम मत झालंय.

घरचा_सर्व्हर

दादा, ओळख होऊ देऊ नये हे बोलायला सोपं, तुमच्याकडे दुसरा लॅपटॉप आहे म्हणून.

कायदेवाली_ताई

बेटामॅक्सचा निकाल अमेरिकेचा, सांगलीच्या गच्चीला तो लागू नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ३९ वाचा. रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं दृश्य किंवा ध्वनी रेकॉर्डिंग म्हणजे प्रसारण हक्काचा भंग नाही, असं त्यात लिहिलंय. शिवाय कलम ५२ मधे खाजगी वापराची मुभा आहेच. पण ही मुभा ज्याने रेकॉर्ड केलं त्याच्या वापरापुरती. उद्या गेस्ट हाउसमधल्या सहा जणांना लॉगिन वाटून मॅच दाखवलीत तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

कंपनीची पॉलिसी हा वेगळा विषय, ते तुमच्यातलं आणि कंपनीतलं कंत्राट. कायद्याने चालतं म्हणून कंत्राटात चालेलच असं नाही. इथे सगळे ही गल्लत करताहेत.

साधा_उपाय

एवढा खटाटोप कशाला पण? सह्याद्रीचं यूट्यूब चॅनेल आहे, प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मधे गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू केलं ते. फोनवर बघा, फोन तुमचा, प्रश्नच मिटला.

पाटीलवाडा

@साधा_उपाय, यूट्यूबवर मला हवं ते प्रत्येक वेळी सापडत नाही, आणि मी बघतो ते मुळात आईमुळे. ती घरी बसून कीर्तन लागलं की बघते, मी रात्री तेच रेकॉर्डिंग बघतो आणि सकाळी तिचा फोन येतो तेव्हा बुवांनी कुठला अभंग घेतला, आख्यान कसं रंगवलं यावर आमचं बोलणं होतं. बाबा गेल्यापासून तिला बोलायला हा एक विषय आहे. मागच्या आठवड्यात लाइट जाऊन आली तर मशीन बंदच राहिलं, मी इकडून काही करू शकेना. तिने मला फोन लावून, टेबलाखाली वाकून, कुठलं बटण म्हणून विचारत ते चालू केलं आणि निळा दिवा लागला म्हणून मोठ्याने सांगितलं. सत्तरीची आहे ती. मग बायोसमधे (मशीनच्या मूळ सेटिंगमधे), वीज आली की मशीन आपोआप सुरू होईल असं सेटिंग भावाकडून करून घेतलं. फोनवर बघायचं तर दिवसभर कोड बघून डोळे थकलेले असतात, सहा इंचावर तासभर नाही बघवत.

@सिस्टीमवाली ताई, कुलपावर क्लिक केलं. कंपनीचंच नाव आहे.

सिस्टीमवाली

मग आजच्या आज पासवर्ड बदला, आणि तो फोनवरून बदला, लॅपटॉपवरून नाही. हाच पासवर्ड अजून कुठे असेल तर तिथलाही. आणि फनेलबद्दल अजून एक. त्या पत्त्याचं सर्टिफिकेट निघालं की मशीनचं नाव सार्वजनिक यादीत जातं, ते कोणालाही शोधता येतं, बॉट्स तर सतत त्या याद्या चाळत असतात. म्हणजे आईच्या घरातलं मशीन जगाला दिसतंय. जेलीफिन अपडेट ठेवताय ना?

पाटीलवाडा

पासवर्ड बदलला. लॅपटॉपसाठी वेगळा युजर केलाय, त्याला फक्त बघायची परवानगी, रेकॉर्डिंग डिलीट करता येत नाही, सेटिंग दिसत नाहीत. अपडेट दोन महिने मागे होतं, तेही केलं. तुमचे खरंच आभार, हा कोपरा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण हे सगळं ऐकूनही माझं मूळ मत बदललेलं नाही. तुम्ही सांगताय तो धोका माझ्या घरच्या मशीनला आहे, कंपनीला नाही, आणि तो घ्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क माझा.

सिस्टीमवाली

कंपनीलाही आहे. तुमचं घरचं मशीन कोणी ताब्यात घेतलं तर तुम्ही रोज रात्री भरवशाने जे पान उघडता त्यात तो काहीही घालू शकतो, आणि ते उघडणार कंपनीच्या लॅपटॉपवर. मी तुमच्या जागी असते तर आयटीला सरळ मेल टाकला असता, गेस्ट हाउसवर असताना अमुक एक पत्ता कामाच्या वेळेनंतर बघायला मिळेल का, म्हणून. नाही म्हणतील बहुतेक. पण विचारून नाही ऐकलेलं बरं.

घरचा_सर्व्हर

विचारलं की तो पत्ता ब्लॉक होणार हे ताईंना पण माहितीय. विचारू नका असं मी म्हणेन. त्यापेक्षा जुना टॅब्लेट घ्या, त्यावर जेलीफिनचं ॲप आणि टेलस्केल दोन्ही टाका, मग फनेलची गरजच नाही, घरचं मशीन जगाला दिसणार नाही. पण हा सल्ला मी आईंच्या मशीनसाठी देतोय, कंपनीच्या पॉलिसीसाठी नाही.

पाटीलवाडा

टॅब्लेटचं बघतो, दिवाळीला घरी जाईन तेव्हा भावाचा जुना पडलेला आहे. तोवर मेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही.

मिरजेची

विषय सोडून विचारते, दुहेरी एलएनबीनंतर पावसाळ्यात तुमच्याकडे सिग्नल टिकतो का? आमच्याकडे जोराची सर आली की रेकॉर्डिंगमधे चौकोन चौकोन येतात आणि आवाज तुटतो.

पाटीलवाडा

सर जोराची असेल तर आमच्याकडेही जातो, केयू बँडचं (छत्रीवर येणाऱ्या उपग्रहाच्या लहरींचं) ते आहेच. पण छत्री दोन बोटं फिरवून सिग्नल वाढवून घेतला तर बारीक पावसात टिकतो. छत्रीचे नट आधी बघा, आमचे गंजून सैल झाले होते.