निकेल माइन्स, २००६ : अमिश लोकांनी माफ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

माळरान (प्रश्न)
पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीतल्या निकेल माइन्सच्या एकखोली अमिश (आधुनिक सोयींपासून दूर, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) शाळेत २ ऑक्टोबर २००६ रोजी एका दूधगाडीच्या चालकाने मुलगे आणि मोठ्या बायकांना बाहेर काढून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या, त्याने स्वतःलाही संपवलं. ‘त्याच दिवशी अमिशांनी त्याला माफ केलं’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं आणि विषय तिथेच संपतो. ज्याची सात वर्षांची लेक गेली तो बाप काही तासांत माफ कसा करेल? कोण कुणाकडे गेलं, अंत्यविधी कसे झाले, पैशांचं काय झालं? आमच्या मंडळाच्या (न्यू जर्सी) वाचनगटात अशा घटनेनंतर शेजाऱ्यांनी काय करावं यावर बोलायचं आहे. तपशील हवेत.

शर्वरी
राग काही तासांत जात नाही, आणि तो गेला असं अमिशही म्हणत नाहीत. सूड घ्यायचा नाही, वैर धरायचं नाही, हा निर्णय त्या दिवशी झाला. दुःख आणि संताप पुढे वर्षानुवर्षं राहिले, काही कुटुंबांनी समुपदेशकांची मदतही घेतली. माफी पुन्हा पुन्हा करावी लागते, असं तिथले पालक सांगत आले आहेत.

निर्णय इतक्या लवकर झाला कारण तो नवा नव्हता. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ त्यांच्या रोजच्या तोंडी असते, आणि बायबलात तिच्या लगेच पुढे मत्तय ६:१४-१५ येतं: तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर देवही तुम्हाला करणार नाही. हे ते अक्षरशः घेतात. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी, वर्षातून दोनदाच, वसंतात आणि शरदात. त्याआधी मंडळीची (स्थानिक चर्चच्या लोकांची) सभा होते आणि आपसांतले तंटे मिटल्याखेरीज पुढे जात नाहीत. ऑक्टोबर हा त्याच हंगामातला महिना. शिवाय डर्क विलेम्सची गोष्ट घराघरांत ठाऊक: १५६९ साली नेदरलँड्समध्ये श्रद्धेपायी कैद झालेला डर्क पळून जात होता, पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला, डर्कने मागे फिरून त्याला वाचवलं, आणि तरीही डर्कला जाळलं गेलं.

प्रत्यक्षात काय केलं? काही माणसं हल्लेखोराच्या बायकोला आणि आईवडिलांना भेटायला गेली. ओक्साबोक्शी रडणाऱ्या त्याच्या वडिलांना एक अमिश माणूस बराच वेळ मिठीत धरून उभा होता. शनिवारी, ७ ऑक्टोबरला, हल्लेखोराला पुरलं तेव्हा जमलेल्या सुमारे ७५ लोकांत निम्म्याहून जास्त अमिश होते. त्यांतले काही आदल्या दोन दिवसांत स्वतःच्या मुली पुरून आले होते. माझ्या मते या सगळ्या हकिकतीचा कणा इथे आहे, बातम्यांतल्या वाक्यात नाही.

नदीकाठ
अंत्यविधींबद्दल. चार मुलींचे गुरुवारी ५ तारखेला, पाचवीचा शुक्रवारी. अमिश रिवाज असा: घरच्या बायका मुलीला पांढरे कपडे घालतात, साधी लाकडी पेटी, फुलं नाहीत, मृताची स्तुती करणारी भाषणं नाहीत, कबर हाताने खणतात. घोडागाड्यांची रांग जाताना पोलिसांनी रस्ते अडवले आणि वरून हेलिकॉप्टरने चित्रीकरण होऊ नये म्हणून आकाशही बंद ठेवलं. धारा काढणं, स्वयंपाक, घोड्यांची निगा शेजारी लगेच हाती घेतात. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात येतो तसंच, फक्त इथे ते काही दिवसांत आटपत नाही. जवळच्या नात्यातल्या बायका वर्षभर काळे कपडे घालतात आणि लोक भेटायला येत राहतात.

पैसे: ४० लाख डॉलरहून अधिक जमले. अमिश लोक व्यापारी आरोग्यविमा घेत नाहीत, मंडळीतून वर्गणी काढून दवाखान्याचं बिल भरतात, त्यामुळे जखमी मुलींच्या लांबलेल्या उपचारांचा भार खरा होता. अमिश आणि बाहेरच्या माणसांची मिळून एक समिती नेमली आणि सगळी रक्कम तिच्याकडे दिली. त्यातला काही भाग हल्लेखोराच्या बायकोमुलांना दिला.

शाळा १२ ऑक्टोबरला उजाडण्याआधीच पाडली आणि ती जागा कुरण म्हणून सोडली. ‘न्यू होप स्कूल’ जवळच, दुसऱ्या जागी, २ एप्रिल २००७ ला, बरोबर सहा महिन्यांनी उघडलं. इमारत मुद्दाम जुनीपेक्षा वेगळी बांधली, फरशीसुद्धा वेगळी. आतल्या मुलांना तीच जमीन पायाखाली नको होती, हे कुणीतरी नीट ओळखलं.

औदुंबर
एक इशारा. हे उदाहरण दुसऱ्या शोकग्रस्तांपुढे ठेवू नका. इथे गुन्हेगार मेलेला होता, खटला नव्हता, आणि माफीचं ओझं एकट्या आईबापांवर न पडता अख्ख्या मंडळीने उचललं. ज्यांना न्यायालयात उभं राहायचं आहे, कायदा बदलून घ्यायचा आहे, त्यांची श्रद्धा त्यामुळे कमी ठरत नाही. स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये १३ मार्च १९९६ ला शाळेतल्या गोळीबारात १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. तिथल्या पालकांनी चर्चमध्ये प्रार्थनाही केली आणि पिस्तुलबंदीसाठी सह्याही गोळा केल्या. १९९७ मध्ये कायदा झाला.

माळरान
मनापासून आभार. मंडळाने खेळणी, वह्या वगैरे पाठवावं का?

नदीकाठ
नको. २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर गावाला ६० हजारांवर टेडी बेअर आले. ते ठेवायला गोदाम लागलं, मोजायला आणि वाटायला माणसं लागली. गावाने मागितल्याशिवाय वस्तू धाडू नका. पैसे द्यायचे तर आधी विचारा: रक्कम थेट पीडित कुटुंबांना जाते की संस्थेकडे राहते, व्यवस्थापनाचा खर्च कोण भरतं, वाटप कोण ठरवतं. न्यूटाउनमध्ये नेमकं यावरूनच कुटुंबं दुखावली गेली. जेवण द्यायचं तर एका माणसाकडे यादी ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्यात दारात डब्यांची रास आणि तिसऱ्या महिन्यात कुणीच नाही असं होतं. तारखा तिसऱ्या महिन्यापासूनच वाटून घ्या.