मदत हवी आहे: विकत घेतलेल्या बॅकलिंक्स निस्तरायच्या कशा?

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या शहापूरचा. आई आणि काकू घरी मांडे करतात. हातावर झुलवत पसरायचे, पालथ्या कढईवर भाजायचे आणि गरम आहेत तोवर घडी घालायची. जरा उशीर झाला की कडकन तुटतात. लग्नसराईच्या ऑर्डरसाठी मी वेबसाइट केली.

दिवाळीआधी एका एजन्सीकडून ५०० बॅकलिंक्स, म्हणजे दुसऱ्या साइटवरून माझ्या साइटकडे येणाऱ्या लिंक्स, विकत घेतल्या. महिनाभर बरं चाललं, मग सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) अनैसर्गिक लिंक्सबद्दल मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, आली. यादी उघडली तर निम्म्या जुगाराच्या साइट, आणि प्रत्येक लिंकवर तोच शब्द: 'बेळगाव मांडे'. आईला काय सांगू कळेना.

आधी साइटवाल्यांना लिंक काढायला सांगायचं, उरलेल्या डिसअवाऊ फाइलमध्ये ('या लिंक्स धरू नका' असं गूगलला सांगणारी यादी) द्यायच्या, मग कारवाई उठवा म्हणून गूगलला पुनर्विचाराची विनंती, एवढं वाचलंय. ४० जणांना मेल केले, तिघांची उत्तरं आली, त्यातला एक पैसे मागतोय. मी पैसे देणार नाही. विनंतीत ही मेलची यादी जोडली तर पुरेल का? फाइलमध्ये एकेक पान द्यावं की अख्खं डोमेन?

दुसरं, खऱ्या लिंक्स कशा मिळवायच्या? खानापूर, निपाणी, कोल्हापूरकडचे कार्यालयवाले, केटरर यांना विचारावं म्हणतो. २०१४ ला शहराचं नाव बेळगावी झालं, पण आपली माणसं 'बेळगाव'च शोधतात. पानावर दोन्ही लिहू का? ज्यांनी ही कारवाई उठवून घेतली आहे त्यांनी कृपया सांगा. तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरी हातच्या जाताहेत.