‘ल्युअर’ला मराठीत काय म्हणावे : आमिष, चारा की चकवा?

प्रश्न :
रानात हिंडणाऱ्या तरुणांसाठी तंबाखूच्या डबीत मावेल अशा आपत्कालीन संचाचे माहितीपत्रक मी भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावासाठी लिहीत आहे. त्यातील मासेमारीच्या साहित्यासाठी गरी (मासा अडकवण्याचा आकडा), तंगूस (गरी बांधायचा बारीक, चिवट दोरा), शिशाच्या गोळ्या हे शब्द सहज सुचले. परंतु धातूचे, रबराचे किंवा पिसांचे जे खोटे भक्ष्य माशापुढे नाचवतात, त्या ‘ल्युअर’ला ‘आमिष’ म्हणावे काय?

प्रतिसाद :
नुसते ‘आमिष’ लिहू नये. आमिष म्हणजे मुळात मांस; ‘निरामिष’ हा शब्द त्यावरूनच झाला आहे. गरीला लावलेले गांडूळ किंवा नाकतोडा हे खरे आमिष होय, आणि कणकेच्या गोळीला ‘चारा’ हा शब्द अधिक शोभतो. गांडूळ ओल्या मातीत व नाकतोडा गवतात सापडत असल्यामुळे आमिष डबीत भरावे लागत नाही. भरावी लागते ती न कुजणारी आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी नक्कल. एकच शब्द दोहोंना वापरल्यास, डबीत काय ठेवायचे हेच वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद :
‘चकवा’ हा शब्द कसा वाटतो? लहान आहे आणि माशाला फसवण्याचा अर्थही त्यात आहे.

प्रतिसाद :
अर्थ बसतो, पण आपल्याकडे ‘चकवा लागला’ म्हणजे माणूस रानात वाट चुकून गरगर फिरत राहिला. वाट चुकलेल्यासाठीच असलेल्या डबीवर ‘चकवा २ नग’ असे लिहिणे थट्टेचे होईल! ‘नकली आमिष’ हा शब्द साधा असला तरी निःसंदिग्ध आहे. प्रकारांची नावे मात्र आकारावरून व चालीवरून द्यावीत : पाण्यात डुलत चमकणारा तो ‘चमचा’, ज्याचे पाते दांडीभोवती गरगरते ती ‘फिरकी’. शिशाचे डोके ओतलेल्या गरीला ‘जिग’च राहू द्यावे, ‘शीर्षभारित गरी’ असले काही घडवले, तर ते दुकानदारालाही समजणार नाही.

निवडीविषयीही पत्रकात स्पष्ट लिहावे. एक लहान चमचा आणि रबरी शेपटीच्या दोन जिग पुरेत. लाकडी किंवा प्लॅस्टिकचे मोठे मासे डबीची जागा खातात, आणि तीन टोकांच्या गऱ्या शेवाळात व झुडपांत अडकून तंगूस तोडतात. नकली आमिषावर झडप घालतो तो मरळीसारखा शिकारी मासा. मामा (माजी मालगुजारी) तलावांतील रोहू वनस्पती खाणारा आणि मिरगल तळाचा गाळ चाळणारा असल्याने त्यांच्यापुढे चमचा नाचवून सहसा उपयोग होत नाही. तेथे कणकेची गोळीच बरी. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात चमक दिसत नाही, म्हणून तेव्हा वासाचे गांडूळ अधिक भरवशाचे. सरावासाठी तलावावर जाण्यापूर्वी तेथील मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी, हेही त्यात नमूद करावे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. यादीत ‘नकली आमिष : चमचा १, जिग २’ असे लिहितो, गांडूळ आणि कणीक यांचा उल्लेख ‘जागेवर मिळवायचे आमिष व चारा’ या वेगळ्या परिच्छेदात करतो.