समोरच्याला न सांगता कॉल रेकॉर्ड केला तर चालतं का?

प्रश्न: घरमालक फोनवर डिपॉझिट द्यायचं कबूल करतो आणि नंतर मी असं बोललोच नाही म्हणतो, तीनदा झालंय. पुढचा कॉल गुपचूप रेकॉर्ड केला तर मी अडकेन का?

उत्तर १: कुठल्या देशात आहेस त्यावर आहे. अमेरिकेत फेडरल कायद्याने बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, म्हणजे तुझीच, पण कॅलिफोर्नियात खाजगी बोलण्याला सगळ्यांची लागते. जर्मनीत तर न विचारता टेप करणं गुन्हाच आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. भारतात १९७२ साली सुप्रीम कोर्टाने असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून मान्य केलं होतं.

उत्तर २: एक लक्षात ठेव, तू स्वतः बोलण्यात आहेस म्हणून निदान हा प्रश्न तरी पडतो. फोन खोलीत चालू ठेवून निघून जायचं आणि दुसऱ्यांचं बोलणं टेप करायचं, ते वेगळंच प्रकरण, तसलं काही करू नकोस. आणि क्लिप ग्रुपवर टाकू नकोस प्लीज, रेकॉर्ड करायची मुभा म्हणजे पसरवायची मुभा नव्हे, त्यात त्याच्या घरच्यांचं काही बोलणं आलं तर त्यांचा काय दोष.

उत्तर ३: मी सरळ सांगतो, "लक्षात राहावं म्हणून रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" त्याचं हो सुद्धा रेकॉर्डिंगमध्येच येतं. नाही म्हणाला तर फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज टाक, "आत्ता ठरल्याप्रमाणे अमुक तारखेला अमुक रक्कम देताय." त्याने नुसतं ओके लिहिलं तरी तुझ्या हातात लेखी काहीतरी आलं.

प्रश्नकर्ता: मेसेजचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच करतो.