गव्याने भात खाल्ले, तर जाब कोणाला विचारायचा?

धागाकर्ता (टिळकवाडी, बेळगाव):
सुगी जवळ आली की खानापूर तालुक्यातून 'वन्यप्राण्यांचा उपद्रव' हे शब्द ऐकू येऊ लागतात, आणि ते मला खटकतात. 2011 साली याच तालुक्यातले भीमगड अभयारण्य घोषित झाले तेव्हा सुमारे 190 चौरस किलोमीटरची हद्द कागदावर आखली गेली. गव्यांना ती कोणी दाखवली नव्हती. दांडेली-हल्याळच्या बाजूचे हत्तीही याच जंगलपट्ट्यातून ये-जा करतात. त्यांच्या वाटांवर रस्ते आणि रिसॉर्ट आपण नेले असतील, तर उपद्रवी कोण?

माळ्यावरचा (जांबोटी भाग):
रिसॉर्ट माझे नाही. माझे शिवार पणजोबांच्या वेळेपासून तिथेच आहे, अभयारण्य नंतर आले. भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत आम्ही रोज रात्री माळ्यावर जागल करतो. डबा बडवला की रानडुक्कर पळते. गवा मात्र मान वर करून बघतो आणि पुन्हा चरू लागतो. कळप जेवढे खातो त्याहून जास्त तुडवतो. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारल्यास किमान 3 वर्षे कैद होते, आणि ते योग्यच आहे, कारण शिकार आम्हालाही नको. पण भरपाईसाठी उतारा, फोटो, पंचनामा आणि वर कन्नडमधला अर्ज! ज्यांचा सगळा व्यवहार मराठीत झाला, त्या माझ्या वडिलांनी तो कोणाकडून भरून घ्यावा? टिळकवाडीत दिवा मालवून झोपणाऱ्याला शब्द खटकतात; आम्हाला झोप मिळत नाही.

धागाकर्ता:
टोमणा मान्य. पण मग कुंपणात थेट वीज सोडणाऱ्यांचे काय? त्या तारेला गव्याआधी शेजारच्याची म्हैस किंवा गडीमाणूस चिकटतो.

माळ्यावरचा:
थेट विजेचे समर्थन मी करणार नाही. सौर कुंपणाचा झटका जीव घेत नाही. मात्र पावसाळ्यात वाढलेले गवत तारेला टेकले की त्याचाही जोर उतरतो, म्हणून ते सतत साफ ठेवावे लागते.

निवृत्त शिक्षिका (खानापूर):
दोघेही शेताच्या बांधावरच भांडत आहात. गवा मुळात गवत खाणारा प्राणी आहे. जंगलात जिथे अकेशियाची एकसुरी लागवड झाली आणि घाणेरी माजली, तिथे त्याच्या तोंडी लागेल असे फारसे उरत नाही. मग बांधापलीकडचे कोवळे भात त्याला कुरणच वाटणार. भरपाई वाढवली तरी कळप पुढच्या वर्षी येईलच. आधी कुरणे राखा. आणि 'जंगलाचा आम्हाला उपयोग काय' असे विचारणाऱ्यांना, जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारी रॉटनची वटवाघळे भीमगडच्याच बारापेडे गुहांत राहतात आणि रात्रभर किडे खातात, हेही सांगावे.

माळ्यावरचा:
बाई, कुरणे जरूर राखा. ती उगवेपर्यंत काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या वाडीत दोघांनी भात सोडून काजू लावला. आता बोंडांवर माकडे येतात.